डाव्या बाजूचा आरसा

प्रिय भाई,

आज शुक्रवार. जुम्म्याची नमाज होऊन तास झाला. याच वेळी तुझा फोन यायचा. आज मी इथं बहारीनला, तुझ्याच खोलीत, तुझ्याच खाटेवर बसलो आहे. उद्या सकाळी माझं विमान आहे. त्याआधी तुला एक गोष्ट सांगायची आहे. तीन वर्षं दर शुक्रवारी ती सांगायची मी टाळली.

गाडी माझ्याकडे नाही, भाई. मी ती विकली.

आठवतं, ती कशी घेतली? मला दुसरीच हवी होती. कॉलेजातल्या निम्म्या प्राध्यापकांकडे होती ती. तू बहारीनहून तीनदा फोन केलास. "आपल्या कंपनीची घे. कंपनी जगात हाय तोवर गाडीला मरण नाय." आपली कंपनी! कंपनी अमेरिकेची. तिच्या इथल्या डीलरच्या गोदामात, सित्र्याला, तू स्पेअर पार्ट्सच्या मांडण्यांमध्ये उभा. अमेरिकेत तुझं नाव कुणाला ठाऊक असेल? पण हे मी बोललो नाही. थोरल्या भावाचा शब्द म्हणून ती लहान पांढरी गाडी घेतली.

कंपनीचा इतिहास तू भाऊबंदकीची गोष्ट सांगावी तसा सांगायचास. घोडागाड्या बनवणारा एक माणूस होता. त्यानं मोटारी बनवणाऱ्या लहानमोठ्या कंपन्या गोळा करून एका छपराखाली आणल्या. मग त्याच छपराखालून त्याला बाहेर काढलं. तो परत आला. त्याला परत काढलं. "घर बांधलं त्यालाच जागा नाय," एवढंच म्हणून तू पुढे सरकायचास. पुढे पाच भाऊ, म्हणजे गाड्यांची पाच नावं. धाकटा सगळ्यांसाठी, थोरला श्रीमंतांसाठी, मधले तिघे मधल्यांसाठी. पगार वाढला की गिऱ्हाइकानं दुसऱ्या घरी जायचं नाही, याच घरात एक पायरी चढायची. दर वर्षी तोंड नवं, आतली हाडं तीच. महायुद्धात त्यांनी रणगाडे केले. युद्ध संपल्यावर गाड्यांना माशांसारखे पर लावले. मग त्या लांब गाड्या आखातात आल्या. ऑगस्टातसुद्धा आत बसणाऱ्याचे दात वाजतील असा त्यांचा एसी.

"हाडं तीच" हे तुझं सगळं शास्त्र होतं. थोरल्या भावाचा पंप धाकट्याला बसतो, फक्त खोका वेगळा. हे तुला पुस्तक न उघडता ठाऊक होतं.

कंपनीचं दिवाळं निघालं त्या दिवसांत तू रजेवर घरी होतास. सरकारनं हात दिला, पण पुढे एकेक नाव बंद होत गेलं. टीव्हीवर ते पाहून तू ताटावरून उठलास. आईनं विचारलं, कोण गेलं? तू म्हणालास, "मधला भाव." आई 'इन्ना लिल्लाहि' म्हणून मोकळी झाली आणि मग विचारू लागली, कोणाचा?

आपण किती हसलो होतो.

गाडी आल्यावर पहिल्या रजेत तू तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्यास. बॉनेट उघडून आत बराच वेळ पाहिलंस. एकेका वस्तूवर बोट ठेवून तिचा नंबर म्हणालास. मी किल्ली पुढे केली. तू घेतली नाहीस. "तू चालव. माझा हात उलटा पडतो. तिकडं सगळं उजवीकडून." मला पटलं. महिनाभर तू माझ्या डावीकडे बसलास. काच खाली, कोपर बाहेर. अधूनमधून तू बाहेरच्या आरशात मागचा रस्ता पाहायचास. मी विचारलं, काय बघतोस? म्हणालास, "कोन मागं राहिला ते."

त्याच महिन्यात भाभीच्या कबरीवरही आपण याच गाडीतून गेलो. परतताना तू आरशात पाहिलं नाहीस.

मग कंपनीनं भारतात गाड्या विकणं बंद केलं. पेपरात आतल्या पानावर लहान बातमी होती. शुक्रवारी तुझा फोन आला तेव्हा मी तुला ती वाचून दाखवली. वाचून थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. म्हणालो, "तुझ्या कंपनीनं जाताना तुला तरी विचारलं का?"

तुझ्या मागे कुणीतरी भांडी घासत असल्याचा आवाज येत होता. मग म्हणालास, "मी बघतो."

एवढंच. उलट बोलला असतास तर बरं झालं असतं. तू उलट बोलला नाहीस, पार्ट पाठवायला लागलास.

रजेवर येणाऱ्या प्रत्येकाच्या सामानात माझ्यासाठी एक पुडकं. खजूर, दुधाची पावडर, बाम, आणि घोंगडीत गुंडाळलेले ब्रेक पॅड. आपली गाडी इथं वेगळ्या नावानं विकली जाते, हे तूच शोधून काढलंस. तोंड वेगळं, हाडं तीच. पावसच्या मुनाफला मुंबईच्या विमानतळावर कस्टमवाल्यांनी रेडिएटरचा पाइप दाखवून विचारलं, हे काय? तो म्हणाला, मास्तरांचं आहे. त्यानंतर तो कधी माझ्याशी नीट बोलला नाही.

काही वर्षं हे चाललं, आणि खरं सांगायचं तर त्यामुळेच गाडी चालली. मग एका सकाळी ती हातखंब्याच्या तिठ्यावर बंद पडली. मागे बारावीच्या परीक्षेला निघालेली माझी नसीम. एका ट्रकवाल्यानं तिला वेळेवर पोचवलं. मी गाडीपाशी उभा राहिलो. बिघडलं होतं ते तुझ्याकडूनही यायला तीन आठवडे लागणार होते. मला ते तीन आठवडे नको झाले. लांज्याचा प्रकाश मोरे गाडी ओढून न्यायला आला. त्याचं तिथं गॅरेज आहे. त्यानं विचारलं, "सर, देणार काय?" मी दिली. उभ्या उभ्या.

त्या शुक्रवारी तू विचारलंस, "गाडी बरी हाय ना?"

मी म्हणालो, बरी आहे.

एवढ्यावर भागलं असतं, पण तुला बरी आहे हे उत्तर पुरायचं नाही. काय वाजतं, काय गळतं, वायपर पाणी ओढतो का? मी मराठी शिकवतो. वर्गात मुलांना सांगतो, एक शब्द जास्त लिहू नका. तुझ्यापुढे मात्र मी वाक्यांमागून वाक्यं रचत गेलो. वायपरचा रबर गेला, म्हणालो. महिन्याभरात वायपर आले. एअर फिल्टर म्हणालो, फिल्टर आला. मी खोटं बोलायचो आणि त्याचा पार्ट घरी यायचा. कपाटाचा खालचा कप्पा भरला. तुझी भावजय शमीम म्हणाली, "असंच बोलत राहा. एक दिवस आतच गाडी तयार होईल."

एकदा विसरून मी मागचा डावा दिवा दुसऱ्यांदा फुटल्याचं सांगितलं. तुझ्या ध्यानात होतं. तू एवढंच विचारलंस, "त्या बाजूला खांब हाय काय रे?"

का नाही सांगितलं? रागावला असतास म्हणून? तू कधी रागावायचास! मला वाटतं, गाडी गेली तर शुक्रवारी आपण काय बोलणार, याची मला भीती होती. आई गेली, भाभी गेली. तुला मूल नाही, माझी मुलगी तुला इंग्रजीत उत्तर देते. आपल्यात त्या गाडीशिवाय काय उरलं होतं? होतं बरंच. पण ते बोलायची सवय नव्हती.

आणखी एक. गेल्या वर्षी तू रजेवर येणार होतास. मला झोप लागेना. मग गोदामात माणूस कमी पडला आणि तुझी रजा पुढे गेली. भाई, मला बरं वाटलं.

हे वाक्य खोडावंसं वाटतं. राहू दे.

डावा आरसा हे माझं शेवटचं खोटं. म्हैस आडवी आली, आरसा तुटला. म्हैस कशाला घातली मध्ये? तू म्हशीचीही चौकशी केलीस. मग म्हणालास, बघतो. पण या वेळी महिन्याभरात काही आलं नाही. दर शुक्रवारी तू आपणहून सांगायचास, "आरसा येतोय. थांब." आठ महिने. मला वाटलं, म्हातारा झाला, विसरत चालला. तुझ्याबद्दल असं वाटलं मला.

मग तुझ्या खोलीतल्या दाऊदभायचा फोन आला. तू सकाळी कंपनीच्या बसला गेला नाहीस. दुपारी असरच्या नमाजाआधी दफन झालं. मी ते मोबाइलवर पाहिलं. चित्र हलत होतं. माती कोरडी होती, ती उडत होती.

दोन महिन्यांनी मला इकडे येता आलं.

झिंजची ही खोली मी फोनवर इतक्यांदा पाहिली होती की दार उघडल्यावर ती लहान वाटली. दोन खाटा. तुझ्या उशाशी भिंतीवर एकच फोटो. मला वाटलं भाभीचा असेल, किंवा आईचा. फोटो गाडीचा आहे. तू तिच्या दाराला टेकून उभा. मीच काढलेला. त्यात माझी सावली आली आहे.

दाऊदभाय अकरा वर्षं तुझ्यासोबत राहिला. खाली गल्लीत शिवणकाम करतो. मूळ श्रीवर्धनचा, पासष्टीचा, पण मला अहोजाहो करतो, कारण मी मास्तर. पहिल्याच संध्याकाळी चहा ओतताना म्हणाला, "याकूबभाय सगळ्यांना हा फोटो दाखवायचा. बोलायचा, गावाला माझी गाडी हाय, भाव चालवतो. अजून चालवता ना तुम्ही?"

मी म्हणालो, हो.

बघ. तू नसतानाही.

परवा मी तुझ्या बसनं सित्र्याला गेलो. ड्रायव्हरला सांगितलं, याकूबचा भाऊ. त्यानं तिसऱ्या रांगेतली खिडकी दाखवली. तिथं कुणी बसलं नव्हतं. मी बसलो. डावीकडे समुद्र, मग टाक्या, मग नुसती धूळ. इतकी वर्षं हे पाहत गेलास आणि फोनवर कधी सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही.

गोदामात तुझी जागा एका तरुण मल्याळी मुलीला दिली आहे. ती कॉम्प्युटरवरून नंबर सांगते, आणि कॉम्प्युटर बंद पडला की सगळे तुझं नाव काढतात. तुझे वरिष्ठ अबू अली मला भेटायला खाली आले. पांढरा पायघोळ थोब, खिशात दोन पेनं. आपल्या लोकांसोबत राहून शिकलेलं त्यांचं हिंदी. माझा हात हातात धरून म्हणाले, "याकूब गाडी नहीं चलाता. मगर इधर सब गाडी याकूब चलाता."

मला ती नुसती तारीफ वाटली.

मग त्यांनी आतून एक खोका आणला. तू जायच्या चार दिवस आधी आलेला. वर काळ्या मार्करनं तुझं अक्षर. 'अन्वर. डावा. काच काढू नको, नुसती फिरव.'

उशीर का झाला, ते अबू अलींनीच सांगितलं. इथल्या गाडीचा डावा आरसा तू पहिल्याच आठवड्यात मांडणीवरून काढला होतास. पॅक करणार, तेवढ्यात थांबलास. इथं डावीकडे चालक बसतो. आपल्याकडे डावीकडे बसतो तो नुसता सोबतीला. मग त्या आरशात उजवीकडच्या माणसाला मागचं दिसेल का? तू दोन खुर्च्या शेजारी मांडल्यास. अबू अलींना उजव्या खुर्चीत बसवलंस. स्वतः डावीकडे आरसा धरून उभा राहिलास.

"मुझे पूछा, पीछे दिखता?" अबू अली सांगत होते. "मैं बोला, नहीं. बाजू का रॅक दिखता. याकूब दो दिन बात नहीं किया. फिर बोला, ये मफी, ये नहीं. मेरे भाई को ये नहीं चलेगा."

मग जिथं आपल्यासारखं रस्त्याच्या डावीकडून चालवतात, अशा देशात तू पत्र धाडलंस. तिथलं कोठार बंद झालेलं. दुसऱ्या देशात धाडलंस. इतक्या वर्षांत तू स्वतःसाठी मागवलेली ही एकच वस्तू, असं अबू अली म्हणाले. स्वतःसाठी, असंच म्हणाले.

म्हशीनं न तोडलेल्या आरशासाठी, भाई.

खोका घेऊन मी बसमध्ये बसलो. तो मांडीवर ठेवला. खोलीवर आलो तेव्हा दाऊदभाय तुझे शर्ट घडी करून पिशवीत भरत होता. मी उभ्यानंच सांगितलं. गाडी विकली. तीन वर्षं झाली. सगळं खोटं सांगत होतो.

त्यानं हातातली घडी पुरी केली.

"चालते का गाडी? जिथं हाय तिथं?"

मी म्हणालो, माहीत नाही. चालत असेल.

"मग चालू द्या." मग खाटेवर बसला आणि हसायला लागला. आधी आवाज न करता, मग मोठ्यानं. "दोघं भाव सारखेच तुम्ही. याकूबला गाडी येत नव्हती, मास्तर. तुम्हाला बोलला नाय?"

तू दोनदा परीक्षेला बसलास आणि दोनदा नापास झालास. एकदा चौकात बंद पाडलीस, एकदा परीक्षकानंच खाली उतरवलं. तिसऱ्यांदा गेला नाहीस. लायसन्स नाही, म्हणून गाडी नाही. झल्लाकला सुट्टीच्या दिवशी समुद्रावर गाडी घेऊन गेलो, असं मला सांगायचास ना? दाऊदभायच्या पुतण्याच्या गाडीतून जायचास. तीही जपानी.

माझा हात उलटा पडतो, म्हणे! भाई, मलाही सांगायचं होतंस. महिनाभर शेजारी बसलो होतो आपण.

मग आम्ही दोघं हसलो. तुझ्या शर्टांच्या मध्ये बसून. दोन महिन्यांत मी पहिल्यांदा हसलो आणि मग ते हसणं राहिलं नाही. दाऊदभायनं उठून चहा ठेवला. माझ्याकडे पाठ करून बराच वेळ ठेवला.

आज सकाळी मी लांज्याला फोन लावला. प्रकाश मोरेनं माझा नंबर जपून ठेवला होता. गाडी चालते का, विचारलं.

"चालते म्हणजे? पळते! बायको अंगणवाडीवर नेते रोज. पण सर, खरं सांगू? आता अर्धीच तुमची राहिली. वायपर दुसरीचे, मागचा दिवा दुसरीचा. मूळचं काय मिळतंच नाही."

वायपर आहेत, म्हणालो. दिवेही आहेत. दोन.

"आणि डावा आरसा?" मी विचारलं.

"तो आहे, पण रिक्षाचा. तारेनं बांधलाय. काय दिसत नाही त्यात, पण नसला की पोलीस धरतात."

मी खोक्यावरचं तुझं अक्षर पुन्हा वाचत राहिलो. त्याला वाटलं फोन कटला.

भाई, कागद संपत आला. खोका माझ्या बॅगेत मधोमध ठेवला आहे, भोवती तुझे दोन शर्ट. विमानतळावर विचारलं, हे काय, तर भावाचं आहे म्हणेन.

एक विचार मात्र सुटत नाही. उजवा आरसा होता, दिवे होते, एवढी गाडी होती. खोटं बोलताना माझ्या तोंडून डावा आरसाच का आला? तो तुझ्या बाजूचा होता. तू ज्यात मागं राहिलेलं पाहायचास तो.

येत्या शुक्रवारी जुम्मा झाला की मी लांज्याला जाईन. कपाटाचा खालचा कप्पा सगळा सोबत नेईन. आरसा माझ्यादेखत बसवून घेईन. काच काढू देणार नाही, नुसती फिरवायला सांगेन. मग प्रकाशच्या बायकोला म्हणेन, बाई, तुम्ही चालवा. मी डावीकडे बसेन, काच खाली करून, कोपर बाहेर. तो आरसा चालवणाऱ्यासाठी आहे. माझ्या बाजूनं त्यात काय दिसेल ठाऊक नाही. पण जे दिसेल ते तुला सांगेन. या वेळी जसं आहे तसं.

तुझा धाकटा,
अन्वर